कोऱ्या गिटार बॉडीला घरच्या घरी रंग: तयारीपासून पॉलिशपर्यंत

घरी रंगवलेल्या गिटार माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: "रंग खराब निघाला." कुणाचा रंग महिन्यानंतरही तळहाताला चिकटत असतो. कुणाचा नेक, म्हणजे गिटारची मान, जागेवर बसत नाही. कुणी रंग झाल्यावर ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) भोकं पाडायला गेलेला असतो आणि प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा टवका उडालेला असतो. डबा चांगलाच असतो. एखादी पायरी पुढेमागे झालेली असते किंवा दोन पायऱ्यांमध्ये थांबायला हवं तिथे थांबलेलं नसतं.

खालचा क्रम स्ट्रॅट किंवा टेलीच्या (फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारचे दोन नमुने) घडणीच्या, भरीव लाकडाच्या बॉडीसाठी आहे. उदाहरण म्हणून गडद निळा रंग, त्यावर एक क्रीम पट्टा आणि वर चकचकीत क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, धरलं आहे. सगळं साहित्य एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या घराण्यातलं. फर्निचरवाले ज्याला 'ड्युको' म्हणतात, तेच हे घराणं. ड्युको हे मुळात ड्यूपाँट कंपनीच्या मोटारींच्या रंगाचं नाव, आणि फेंडरचे जुने कस्टम रंगही मोटारींच्याच रंगपेटीतून आले होते. त्यामुळे गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जाऊन गिटारसाठी शेड मागायला लाजू नका. पुण्यात नाना पेठेत कार्डावर बोट ठेवलं की शेड कालवून मिळते.

पीयू (पॉलियुरेथेन) का नाही? दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर आयुष्यभराचा दमा लागू शकतो, आणि गॅलरीत उभं राहून साधा मास्क लावल्याने ते अडत नाही. पीयू हवंच असेल तर प्रायमरपर्यंतचं काम स्वतः करा आणि पुढचं स्प्रे बूथ असलेल्याकडे सोपवा. मात्र सीलर (लाकडावरचा पहिला, रंध्रं बंद करणारा थर) आणि प्रायमरही त्यालाच विचारून निवडा.

## सुरू करण्याआधी: मोसम, जागा, सामान

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. हवेत ओल असली की थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि लॅकर दुधाळ होतं. सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर स्प्रे गन हातात घेऊ नये. आर्द्रता दाखवणारं घड्याळ काही शे रुपयांत मिळतं, ते आधी घ्या. पुण्या-नाशकाकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण दव उतरू द्या आणि अकरानंतर सुरू करा. मुंबई, कोकण, गोव्यात हिवाळ्यातसुद्धा दुपारचे चार तासच काय ते हाताशी असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण होते: थेंब बॉडीपर्यंत पोचेतो अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

जागा उघडी हवी, पण वाऱ्याची नको. गच्ची चालेल, फक्त आजूबाजूला कुणाच्या कुरडया-पापड वाळत नाहीत ना हे बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या फेण्यांवर फिकट हिरवी झाक आली, आणि त्यानंतर वर्षभर मला गच्चीची किल्ली मिळाली नाही.

सामान साधारण असं लागेल:

- पॉलिश पेपर १२०, १८०, २२०, ३२०. वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००
- घासायचा ठोकळा, कडक रबराचा किंवा लाकडाला खाली पातळ कॉर्क चिकटवलेला
- एनसी सँडिंग सीलर अर्धा लिटर, प्रायमर अर्धा लिटर, रंग अर्धा लिटर, क्लिअर एक लिटर
- चांगला एनसी थिनर तीन लिटर आणि थोडा रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर
- कंप्रेसर, पाणी अडवणारा फिल्टर, १.३ किंवा १.४ मिमी नोझलची गन
- सेंद्रिय वाफेसाठी काडतूस असलेला मास्क, चष्मा, नायट्राइल हातमोजे
- दोन तऱ्हेचे टेप: नेहमीचा मास्किंग टेप आणि पट्ट्यासाठी बारीक कडेचा प्लास्टिक टेप

गन नसेल तर ४०० मिलिलिटरचे स्प्रे कॅन चालतात: प्रायमर एक, रंग दोन, क्लिअर तीन. फक्त सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले घ्या.

सावधान: लॅकरची वाफ पेट घेते. समई, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅस गीझर, शेगडी यांपैकी काहीही जवळ पेटतं नको. टेबलफॅन लावून वाफ ओढायची युक्तीही नको, मोटरच्या ठिणगीने भडका होऊ शकतो.

सावधान: ग्रिलला मारायचा सिंथेटिक इनॅमल खाली आणि एनसी क्लिअर वर, ही जोडी कधीही करू नका. एनसी थिनर इनॅमलला खालून उकलतो आणि रंग सायीसारखा सुरकुततो. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या कामांत ही चूक सगळ्यात जास्त वेळा दिसली आहे, कारण इनॅमल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

शेवटचं सामान फुकट आहे: त्याच जातीच्या लाकडाचा फूटभर तुकडा. प्रत्येक पायरी आधी या फळीवर करायची आणि ती पटली की मगच बॉडीवर. फळी नेहमी एक पाऊल पुढे. पुढे जिथे जिथे 'फळी' म्हणेन, ती हीच.

## १. बॉडी खरंच कोरी आहे का ते बघा

किटमधल्या बऱ्याच बॉडींवर कारखान्यातच सीलरचा पातळ हात दिलेला असतो. मागच्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटाभरात मुरून डाग गडद झाला तर लाकूड कोरं. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर वर काहीतरी आहे, आणि ते १८०ने घासून काढावं लागेल.

मग ओलसर फडक्याने सगळी बॉडी पुसा. जिथे गोंद सांडलेला असेल तिथे फिकट डाग राहतील. पेन्सिलने खुणा करा. बॉडी पावसाळ्यात कुरिअरने आली असेल तर उघडून, उभी करून दोन-तीन आठवडे घरातच राहू द्या. ओल्या लाकडावरचा रंग पुढे जोडाच्या रेषेवर फाटतो.

लाकूड कोणतं हेही आत्ताच ठरवा. ॲल्डर, बासवूड, मेपल यांची रंध्रं बारीक असतात. महोगनी, ॲश आणि आपला साग यांची मोठी, म्हणून ती भरावी लागतात. साग तेलकटही असतो. सीलरच्या लगेच आधी तो थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा.

## २. कोरडी जुळणी आणि सगळी भोकं

घाई असते ती याच टप्प्यावर. रंगाला हात लावण्याआधी पूर्ण गिटार एकदा जोडायची.

नेक बसवा. दोन्ही टोकांच्या तारांच्या जागी नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणा आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर सारखं आहे का बघा. स्केल मोजा: स्ट्रॅट-टेलीला नटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (तार टेकते तो तुकडा) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी. यावरून ब्रिजची जागा पक्की होते. मग ब्रिज, पिकगार्ड, जॅक, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची बटणं, मागचं झाकण, सगळ्यांची भोकं आत्ताच पाडा. ब्रिजच्या अर्थिंगच्या वायरचं भोकही. ते विसरलं की पुढे गिटार गुणगुणत राहते आणि रंगलेल्या बॉडीत लांब ड्रिल घालायची वेळ येते.

नेक आणि पॉकेटच्या (बॉडीतली नेक बसायची खाच) भिंती यांच्यात जाड कागदाएवढी फट असावी. नेक ठोकून बसवावा लागत असेल तर पॉकेट आत्ताच किंचित मोकळं करा. रंगाचा थर चढल्यावर जागा आणखी आवळते आणि पहिल्यांदा नेक घालतानाच पॉकेटच्या कोपऱ्यातून तडा जातो.

तपासणी: मोबाइलवर प्रत्येक भागाचा फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत नावं घालून ठेवा. "नंतर पाडू" असं एकही भोक उरलं असेल तर पुढे जाऊ नका.

## ३. घासकाम

आधी खड्डे. दाबला गेलेला खड्डा असेल तर त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा, दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर इस्त्री उपयोगाची नाही, तिथे इपॉक्सी आणि त्याच लाकडाचा बारीक भुसा भरा. सुतार भुसा फेविकॉलमध्ये कालवतात. दाराला ते चालतं. चकचकीत रंगाखाली ते आकसतं आणि दोन महिन्यांनी खड्ड्याची कड वरून दिसू लागते.

आता १२०, १८०, २२०. सपाट भागावर कायम ठोकळा, गोलाईवर तळहात. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीच्या पन्हळी पडतात, आणि त्या दिसतात थेट शेवटी, पॉलिश झाल्यावर. घासायचं लाकडाच्या रेषेच्या दिशेने. बॉडीच्या बुडाला, शिंगांच्या टोकांना आणि कटअवेच्या (शिंग आणि नेक यांमधला कापलेला भाग) आत रेषा आडव्या कापलेल्या असतात. तिथे करवतीचे आणि राउटरचे माग लपून बसतात. या भागांना बाकीच्या बॉडीपेक्षा दुप्पट वेळ द्या.

तीक्ष्ण कडा तशाच ठेवू नका. रंग धारेवर थांबत नाही, बाजूला ओसरतो आणि पुढे पॉलिश करताना तिथेच पहिल्यांदा लाकूड उघडं पडतं. टेलीच्या कडाही किमान दोन-तीन मिलिमीटर गोल हव्यात.

२२० झाल्यावर ओलसर फडक्याने बॉडी पुसा आणि वाळू द्या. उभे राहिलेले तंतू हाताला खरखरीत लागतील, ते ३२०ने अगदी हलक्या हाताने छाटा. ३२०च्या पुढे जाऊ नका. लाकूड काचेसारखं गुळगुळीत केलं की सीलरला धरायला काही उरत नाही.

तपासणी: खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च बॉडीला लागून आडवा धरा. प्रत्येक ओरखड्याची सावली पडेल. "रंगाखाली जाईल" असं म्हणू नका. चकाकणारा रंग ओरखडा दुप्पट करून दाखवतो.

## ४. दांडा आणि झाकाझाकी

दीड इंच रुंद, दीड फूट लांब पट्टी घ्या आणि नेकच्याच भोकांतून पॉकेटमध्ये स्क्रूने आवळा. दुसऱ्या टोकाला भोक पाडून तारेचा आकडा अडकवा. रंगवताना हाच दांडा हातात धरायचा आणि वाळवताना याच्यावरच बॉडी टांगायची.

नेक पॉकेटचा तळ आणि भिंती टेपने झाका. तिथे थर चढला तर नेक वर उचलला जातो, नाहीतर तिरका बसतो, आणि तारांची उंची कितीही फिरवली तरी जुळत नाही. पिकअपचे कप्पे वर्तमानपत्राने भरा. ब्रिजच्या खांबांच्या मोठ्या भोकांत कागदाच्या सुरळ्या घाला. पिकगार्डची बारीक भोकं तशीच राहू दे.

यापुढे बॉडीला उघडा हात नाही. सकाळी डोक्याला तेल लावून तोच हात बॉडीवर फिरवला की तिथे रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. सिलिकॉनचं फर्निचर पॉलिश, हँड क्रीम, कुलुपाला मारायचा वंगणाचा स्प्रे यांनीही तेच होतं. त्याच खोलीत आठवड्यापूर्वी मारलेला स्प्रेसुद्धा पुरतो.

## ५. सीलर आणि रंध्रं

सीलर आणि थिनर एकास एक. पहिला हात लाकूड गटागट पिऊन टाकेल, ते स्वाभाविक आहे. तासाभराने दुसरा, मग तिसरा. आडव्या कापलेल्या भागांना एक हात जास्त. रात्रभर वाळवून ३२०ने घासा. पांढरी भुकटी पडली तर सीलर वाळला आहे. पेपरवर चिकट गोळ्या जमल्या तर उद्या या.

मोठ्या रंध्रांच्या लाकडाला पहिल्या सीलरनंतर ग्रेन फिलर लावा. पातळ खिरीसारखा कालवा, रेषेच्या आडवा दाबून भरा आणि पंधरा मिनिटांत ओलसर असतानाच गोणपाटाच्या तुकड्याने आडवाच पुसून काढा. रेषेच्या दिशेने पुसलं तर भरलेलं सगळं परत बाहेर येतं. महोगनीला हे दोनदा करावं लागतं. किमान दोन दिवस वाळू द्या, मग उरलेले सीलरचे हात द्या. फिलर आत ओला राहिला तर तो महिनाभर आकसत राहतो आणि क्लिअरवर बारीक टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात.

भिंतीची पुट्टी वापरू नका. ती बहुधा सिमेंटची असते आणि लाकडाच्या हालचालीबरोबर सुटते.

## ६. प्रायमर

फिकट रंगाखाली पांढरा, गडद निळ्याखाली करडा. दोन-तीन हात, प्रत्येकात अर्धा तास. बारीक दोष दिसू लागतील. त्यांना गाडीची एनसी पुट्टी नखाएवढी लावा. ती जाड लावली की आत ओली राहते, म्हणून दोनदा पातळच.

एक दिवस वाळल्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा दुरून मारा, ठिपके दिसतील एवढाच. मग ४००चा पेपर ठोकळ्याला लावून कोरडंच घासा. उंच भागावरचे ठिपके आधी जातील, खोलगट भागात काळं उरेल. जिथे काळं उरलं तिथे अजून प्रायमर हवा. डोळ्यांनी आणि बोटांनी न कळणारे खळगे यात उघडे पडतात, तरी दहातले नऊ जण हे करत नाहीत. कंटाळा हेच कारण, दुसरं काही नाही.

तपासणी: काळे ठिपके पूर्ण जाईपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. घासताना कडेला लाकूड दिसलं तर त्या जागेवर पुन्हा प्रायमर.

## ७. रंग

फवारण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. बॉडी धूळ टिपणाऱ्या चिकट कापडाने हलकेच पुसा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा. किनारपट्टीवर अर्ध्या तासात फिल्टरमध्ये चमचाभर पाणी साचतं आणि एक थेंब गनमधून आला की सगळा हात वाया.

रंग एकास एक पातळ करा, जुन्या मोज्यातून गाळा, दाब गनपाशी २५ ते ३० पीएसआय. अंतर वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास. कॅन असेल तर तो हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि दोन मिनिटं हलवा. कॅन गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात गरम करू नका, फुटतो.

क्रम असा: आधी कटअवेच्या आतल्या बाजू, मग चारी कडा, मग पाठ, शेवटी तोंड. ट्रिगर बॉडीच्या बाहेर दाबायचा, बॉडीवरून सरळ रेषेत जायचं आणि पलीकडे बाहेर सोडायचा. मनगट कमानीत फिरवू नका, सगळा हात सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसेल इतका विरळ. पहिल्याच हातात रंग झाकायला गेलं की कडांवर ओघळ. वीस-तीस मिनिटांनी दुसरा, थोडा ओला. तीन किंवा चार हातांत झाकलं जातं. मेटॅलिक शेड असेल तर हातांच्या मध्ये घासू नका, घासल्यावर ॲल्युमिनियमचे कण अस्ताव्यस्त होऊन ढगाळ डाग दिसतात. शेवटचा हात मात्र दुप्पट अंतरावरून विरळ मारा, त्याने कण सारखे बसतात.

काही बिघडलंच तर:

- ओघळ: हात लावू नका, पुसू नका. दोन दिवस वाळू द्या, मग ६००चा छोटा तुकडा काडेपेटीएवढ्या ठोकळ्यावर लावून फक्त ओघळ सपाट करा.
- दुधाळपणा: थांबा. कोरड्या दिवशी थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालून एक पातळ फवारा द्या. एनसी पुन्हा विरघळतं आणि अडकलेली ओल निघून जाते.
- माशाचे डोळे: वर आणखी रंग ओतून बुजत नाहीत. वाळवा, खड्ड्यापर्यंत घासा, थिनरने पुसा, पुन्हा विरळ फवाऱ्यापासून सुरू करा.
- फुगे: बॉडी उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवलीत. वरची साय आधी वाळली, खालचा थिनर तिला फोडून निघाला. सावलीतच टांगा.
- किडा: बसला तर बसला. वाळल्यावर सुईने काढा. ओल्या रंगात बोट घालून किडा वाचत नाही आणि रंगही.

## ८. पट्टा किंवा चित्र

निळा दोन दिवस वाळल्यावर बारीक टेप लावा. टेपची कड नखाने नीट दाबा. आता युक्ती: क्रीम रंगाच्या आधी टेपच्या कडेवरून निळ्याचाच एक विरळ फवारा मारा. टेपखाली जे काही झिरपायचं ते निळंच झिरपेल आणि फट बंद होईल. मग क्रीमचे दोन-तीन पातळ हात. शेवटच्या हातानंतर दहा-पंधरा मिनिटांत, रंग मऊ असतानाच टेप स्वतःवर दुमडून सावकाश ओढा. रात्रभर ठेवला तर कड दातेरी तुटते.

ब्रशने नक्षी काढायची असेल तर चित्रकाराचे ॲक्रिलिक रंग चालतात, आधी पृष्ठभाग ८००च्या पेपरने किंचित मंद करा. मार्करवर मात्र भरवसा नको. क्लिअर पडलं की बऱ्याच मार्करची शाई पसरते. फळीवर मार्कर ओढून त्यावर ओलं क्लिअर मारून बघा, मग ठरवा. चित्र कशाचंही असो, त्यावरचे पहिले तीन हात धुक्यासारखे विरळच. ओला हात पडला की एनसी चित्र वर उचलतं.

## ९. क्लिअर

दिवसाला तीन हात, प्रत्येकात तास-दीड तास, असे तीन दिवस. एनसीचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून दर वेळी घासायची गरज नाही. चौथ्या-पाचव्या हातानंतर एक दिवस थांबून ६००ने फक्त उंचवटे मोडा. शेवटचे दोन हात जास्त पातळ, एक भाग लॅकरला दीड भाग थिनर म्हटलं तरी चालेल.

एक गोष्ट आधी माहीत असावी: एनसी वर्षानुवर्षं पिवळं पडतं. क्रीमला ते शोभतं, शुभ्र पांढरा साय धरल्यासारखा दिसतो आणि आकाशी हळूहळू हिरव्याकडे झुकतो. पांढरं पांढरंच राहायला हवं असेल तर आधीपासून सगळं ॲक्रिलिक लॅकरमध्ये करा, मध्येच बदलू नका.

## १०. टांगा आणि विसरा

तीन ते चार आठवडे. वारा खेळेल अशा खोलीत, उन्हापासून दूर, कपाटात किंवा केसमध्ये नाही. लॅकर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, तिथेच लोक फसतात. आतला थिनर निघत असतो आणि थर खाली बसत असतो. दहाव्या दिवशी आरशासारखी केलेली बॉडी महिन्याने पुन्हा लाकडाच्या रेषा दाखवू लागते.

तपासणी: नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास येतो, म्हणजे काम बाकी आहे. फळीवर अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटली तर अजून एक आठवडा. बॉडीवर नख लावून बघायचा मोह फळीनेच भागवा.

## ११. ओली घासाई आणि पॉलिश

वॉटर पेपर तासभर पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. संत्र्याच्या सालीसारखा पोत जास्त असेल तर ८००पासून, नाहीतर १०००पासून. ठोकळा सरळ रेषेत फिरवा आणि दर मिनिटाला पुसून बघा: मंद भागात चमकणारे ठिपके म्हणजे अजून खोलगट जागा. सगळं एकसारखं मंद झालं की १५००, मग २०००. प्रत्येक पेपरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

कडांवर १००० नको, नुसत्या हाताने २०००चे दोन-चार फेरे पुरेत. निळा रंग पेपरवर दिसला की क्लिअर संपलं, तिथेच थांबा.

सावधान: पाणी स्क्रूच्या भोकांत गेलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती चांदणीसारखे तडे जातात. घासण्याआधी प्रत्येक भोकाच्या तोंडात मेणबत्तीचं मेण दाबा. पाणी वाहतं नको, फक्त ओलसर.

नंतर रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. हाताने जुन्या सुती बनियनचा बोळा चांगलं काम करतो, फक्त दंड भरून येतात. ड्रिलला फोमचं पॅड लावलंत तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. एनसी उष्णतेने मऊ होतं आणि पॅड क्षणात कड खाऊन टाकतं.

## १२. पुन्हा जुळणी

टेप ओढण्याआधी पॉकेटच्या कडेने नव्या ब्लेडने रेघ मारा, नाहीतर टेपबरोबर क्लिअरची पापडी उठते. प्रत्येक भोकाचं तोंड काउंटरसिंक बिटने हाताने फिरवून किंचित रुंद करा, म्हणजे स्क्रू लॅकरला न टेकता लाकडात जाईल. स्क्रूला मेण लावा, साबण नको. साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

नेक हाताच्या दाबाने बसला पाहिजे. बसत नसेल तर पॉकेटच्या भिंतीवर कुठे लॅकर चढलं आहे ते शोधून खरवडा, हातोडी बाजूला ठेवा. ब्रिजच्या अर्थिंगची वायर ब्रिजच्या धातूला टेकते आहे का ते मल्टिमीटरने बघा, मग तारा चढवा.

गिटार उभी करताना स्टँडकडे बघा. स्टँडचं रबर आणि फोम एनसीला मऊ करतात, रात्रीत त्याचा ठसा उमटतो. गळ्यात अडकवायच्या व्हायनलच्या पट्ट्याचंही तसंच. स्टँडच्या दोन्ही हातांना जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळा आणि दोऱ्याने बांधून टाका.